आडवा दगड, उभा दगड

शुक्रवार : पन्हाळा, बांदिवडे

पुतणीला स्पितीला जायचं होतं. बीएस्सीला भूशास्त्र घेतल्यापासून तिच्या मोबाईलवर हिमालयातल्या दुमडलेल्या डोंगरांचे फोटो साठलेत. खर्चाचा आकडा ऐकून आमच्या बंधूंनी हात वर केले. मग मध्यस्थीला धावून आले ते आमच्या गल्लीतले सर. भूशास्त्राचे प्राध्यापक म्हणून निवृत्त झालेत, पण खिशातलं भिंग अजून निवृत्त झालेलं नाही. ते म्हणाले, "स्पितीला पुढं कधीतरी जा. कोल्हापुरातनं निघून दुमडलेला दगड मी तुला दाखवतो. पण आधी न दुमडलेला बघायचा. सरळ ओळ कशी असते ते डोळ्यात बसलं नाही, तर वाकडी ओळ कळणार कशी?"

सकाळी मिसळ खाऊन निघालो. गाडीवाले मामा शिरोळकडचे. त्यांना वाटलं, पन्हाळा म्हणजे तीन दरवाजा, अंधारबाव, सज्जाकोठी आणि झुणका-भाकर. सरांनी वाघबीळच्या वर वळणावरच गाडी थांबवायला लावली. समोर रस्त्यासाठी तासलेला डोंगर. खाली घट्ट काळा कातळ, त्यावर भोकाभोकांचा, ठिसूळ पट्टा, त्यावर हातभर जाडीची लालसर माती, आणि पुन्हा घट्ट कातळ.

"एक लाव्हा आला, थंड झाला," सर सांगत होते. "त्याच्या माथ्याला वायूचे बुडबुडे अडकले, ती ही भोकं. मग ज्वालामुखी थांबला, माथा उन्हापावसात कुजला, त्याची ही लाल माती. मग पुढचा लाव्हा वरनं आला आणि मातीला भाजून गेला." हे सगळं सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचं. दख्खनच्या बेसॉल्टची, म्हणजे लाव्हाच्या या काळ्या कातळाची, जी शास्त्रीय उतरंड लावली आहे तिच्यात वरच्या बाजूला महाबळेश्वर, त्यावर पन्हाळा आणि मग बेळगावजवळचं देसूर अशी थरसमूहांची नावं आहेत. आपल्या गडाचं नाव जगभरच्या शोधनिबंधांत फिरतंय हे मला पन्नाशीत कळलं.

सज्जाकोठीवरून समोर बघितलं तर जोतिबाचा डोंगर, पलीकडचे डोंगर, सगळ्यांच्या अंगावर आडव्या पायऱ्या. इथली पायरी नजरेनं दरीपार नेली की समोरच्या डोंगरावर तिची जोडीदार सापडते. थरांचा कल दक्षिणेकडे आहे, पण तो अंशभराच्या आसपास. डोळ्यांना कळत नाही. माथ्यावर जांभा. बेसॉल्टच कुजून, धुपून झालेला.

पुतणीचा प्रश्न रास्त होता : भारत आशियावर आदळला, हिमालय झाला, मग हा दगड सरळ कसा? सरांनी दगडावरच खडूनं काढून दाखवलं. हा लाव्हा वाहिला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि वर्षाला पंधरा सेंटिमीटरच्या आसपास वेगानं उत्तरेला सरकत होता. टक्कर झाली ती त्यानंतर, साधारण ५ ते ५.५ कोटी वर्षांपूर्वी. त्या टकरीत चुरगळला तो भूखंडाचा उत्तरेकडचा काठ, जिथं समुद्राच्या तळाशी गाळाचे जाड थर साठले होते. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा चुनखडक हा त्याच समुद्रातला. त्यात सागरी जिवांचे अवशेष आहेत. आपण त्या काठापासून फार लांब, जुन्या जाड ग्रॅनाइटी बुंध्यावर बसलोय. हा बुंधा थंड आणि ताठ आहे, तो सहजासहजी वाकत नाही.

दुपारी बांदिवड्याला गेलो. इथं बेसॉल्टचे बहुकोनी खांब आहेत, शेजारी शेजारी रचून ठेवल्यासारखे. लोकांना ते माणसानं घडवलेले वाटतात. लाव्हा थंड होताना आकसतो, आकसताना ताण पडतो, आणि दगड ताणाला फार कमकुवत. दाबाला जेवढा टिकतो त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास ताणाला टिकतो. म्हणून तडे जातात आणि ते थंड होणाऱ्या पृष्ठभागापासून आत आत सरकतात. सहा बाजूंचे खांब जास्त, पण पाच आणि सात बाजूंचेही दिसले. पुतणीनं मोजून काढले, मामांनी तिला मदत केली.

सरांनी इथं एक कसोटी शिकवली, जी पुढं रोज उपयोगी पडली. तडा दिसला की विचारायचं : दोन्ही बाजू एकमेकींवरून सरकल्यात का? नुसती फट असेल तर तो सांधा. सरकल्या असतील तर तो फॉल्ट, पाठ्यपुस्तकातला प्रस्तरभंग. बांदिवड्याचे सगळे तडे पहिल्या जातीचे. दगड फुटलाय, पण जागचा हललेला नाही. त्याला टकरीशी काही देणंघेणं नाही.

शनिवार : गगनबावडा

करूळ घाटाबद्दल फार लिहीत नाही. ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांनी नाही पाहिला त्यांनी पाऊस संपल्यावर जावं, दरड कोसळायच्या दिवसांत नको. एवढंच नोंदवतो की सह्याद्री हा वली, म्हणजे घड्या पडून झालेला, पर्वत नाही. तो पश्चिम किनारा फाटल्यावर उरलेला, मागं मागं झिजत आलेला कडा आहे. भारतापासून आधी मादागास्कर सुटलं, लाव्हाच्या काळानंतर लवकरच सेशेल्स सुटलं. म्हणजे इथली शक्ती ओढण्याची, हिमालयातली ढकलण्याची. पोरांना शाळेत दोन्ही "पर्वत" म्हणून एकाच दमात शिकवतात आणि तिथंच घोटाळा होतो.

गगनगडावरून उत्तरेकडे बघत सरांनी कोयनेचा विषय काढला. मामा लगेच म्हणाले, "आमची आई सांगती की, भांडी खळाखळा वाजली, समदी अंगणात." ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा तो भूकंप, ६.३ तीव्रतेचा. कोल्हापुरात त्या पिढीतल्या प्रत्येकाकडे त्या पहाटेची एक गोष्ट आहे. रंकाळ्याबद्दलही जुने लोक सांगतात की ती मुळात दगडाची खाण, आणि एका प्राचीन भूकंपानं तिथं पाणी फुटलं. खरं-खोटं कोण तपासणार, पण कोल्हापूरकराला भूकंप परका नाही हे खरं.

"आपला दगड आडवा आहे म्हणून तो निवांत आहे असं समजू नको," सर पुतणीला म्हणाले. हिमालयात टक्कर अजून चालू आहे. भारताचा तुकडा वर्षाला पाचेक सेंटिमीटर सरकतोय, त्यातले जवळपास दोन सेंटिमीटर एकट्या हिमालयात जिरतात. हा रेटा भारताच्या अख्ख्या तुकड्यातून जातो, पार इथपर्यंत. कोयनेला खोल भोकं पाडली तेव्हा कळलं की बेसॉल्टचा ढीग तिथं साधारण ९३० मीटर जाड आहे आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट-नाइस, म्हणजे तोच जुना बुंधा, लागतो. भूकंप होतात ते त्या खालच्या जुन्या खडकातल्या फॉल्टवर, काही किलोमीटर खोल.

मग कोयनेच्या धरणामुळं भूकंप झाला म्हणतात, त्याचा काय संबंध? इथं सरांनी दोन पाट्या एकमेकींवर ठेवून, वरच्या पाटीवर हात दाबून खालची ओढायला लावली. निघेना. फॉल्टच्या दोन्ही बाजू अशाच एकमेकींवर दाबलेल्या असतात, घर्षणानं अडकून बसलेल्या. फटीतल्या पाण्याचा दाब वाढला की ते पाणी दोन्ही बाजूंना आतून रेटतं, घट्ट बसलेली पकड सैल होते, आणि आधीच ताणलेला फॉल्ट सुटतो. ताण टकरीचा, निमित्त जलाशयाचं. पाण्याच्या दाबाचं हे गणित १९५९ मध्ये हबर्ट आणि रुबी या अमेरिकी शास्त्रज्ञांनी मांडलं ते मुळात पर्वतांसाठी : दहा-दहा किलोमीटर रुंद खडकाची चादर दुसऱ्या खडकावरून न चुरडता सरकते कशी, या कोड्यासाठी.

रात्री घरी परतल्यावर पुतणीनं बनवलेली पेटी बाहेर निघाली. काचेच्या जुन्या फिशटँकमध्ये चाळलेली कोरडी वाळू, आणि मध्ये मध्ये रांगोळीच्या रंगानं रंगवलेल्या वाळूचे पट्टे. एका टोकाला उभी फळी. फळी हळूहळू पुढं ढकलायची आणि काचेतून बघायचं. वाळूच का? तर पर्वताएवढा आकार टेबलावर आणायचा म्हणजे दगडाची ताकदही त्याच प्रमाणात कमी करावी लागते. खऱ्या दगडाची फूटभर फरशी घेऊन ढकललं तर काहीच होणार नाही. टेबलाच्या मापाला कोरडी वाळू बरोबर बसते.

वहिनी भाकरी थापायची सोडून बघायला आल्या, यावरून ओळखा. फळी थोडी सरकली आणि तिच्यापुढचे पट्टे जरा फुगले. मग एकदम एक तिरपी रेघ तयार झाली आणि त्या रेघेवरून फळीकडचा भाग पुढच्या भागावर चढला. निळा पट्टा स्वतःच्याच डोक्यावर जाऊन बसला! हा थ्रस्ट. जुना थर नव्याच्या वर येतो तो असा. अजून ढकललं, तर ती रेघ थांबली आणि तिच्या पुढ्यात दुसरी उमटली. मग तिसरी. मागच्या रेघा पुढच्यांच्या पाठीवर बसून जास्त जास्त उभ्या होत गेल्या, आणि सगळ्यांचा मिळून फळीकडे उंच, पुढं निमुळता असा पाचरीसारखा ढीग झाला.

हिमालयाचा क्रम हाच. उत्तरेकडचा मुख्य मध्य थ्रस्ट सर्वांत जुना, दोन-सव्वादोन कोटी वर्षांपूर्वी जोरात होता. मग त्याच्या दक्षिणेला मुख्य सीमा थ्रस्ट, आणि आज हालचाल मुख्यतः पार पायथ्याला, शिवालिकच्या पुढ्यातल्या अग्र थ्रस्टवर. खोलवर हे तिन्ही एकाच सपाट सरकपट्टीला जाऊन मिळतात. २५ एप्रिल २०१५ ला नेपाळचा ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला तो याच पट्टीचा एक तुकडा सुटल्यामुळं. काठमांडूचा परिसर एका झटक्यात सुमारे मीटरभर उचलला गेला.

दुसऱ्या खेपेला सरांनी वाळूच्या तळाशी बारीक काचमण्यांचा थर दिला. घर्षण कमी झालं. आता ढीग उंच न होता पसरट झाला आणि रेघा खूप लांबवर, विरळ उमटल्या. पाकिस्तानातल्या पोटवार पठाराखाली मिठाचा जाड थर आहे. तिथं हिमालयाची पाचर मिठावरून अशीच लांब घसरत आली, फारशी उंच न होता. पर्वत किती उंच होणार हे ढकलणाऱ्या जोरापेक्षा तळाच्या निसरडेपणावर जास्त ठरतं, हे मला तरी अजब वाटलं. वहिनींना मात्र नाही. त्या म्हणाल्या, "परातीला तेल लावलं तर पीठ चिकटत न्हाई, त्यात काय एवढं."

रविवार : गडहिंग्लज, गोकाक

वाळूच्या पेटीत एक उणीव आहे : तिला आच लागत नाही. तिच्यात थर तुटतात, सरकतात, पण गोल वळत नाहीत, वाहत नाहीत. त्यासाठी उष्णता लागते, आणि ती दाखवायला सरांनी आम्हाला वाटेतल्या गुऱ्हाळावर उतरवलं. जानेवारी, गाळप जोरात. चुलवाणावर काहिल रटरटत होती. गुळव्यानं पाक वाफ्यात ओतला तो दाट, सुस्त वाहत गेला, फावड्यानं ओढला तर घड्या पडत गेल्या आणि घड्या हळूहळू जिरल्या. शेजारी कालचा रवा, म्हणजे गुळाची घट्ट ढेप, होता. त्यावर हातोडी मारली तर कडकन फुटला, धारदार कडा. तोच गूळ, फरक तापमानाचा. आणि वेगाचाही : कोमट रव्यावर अंगठा दाबून धरला तर खड्डा पडतो, ठोसा मारला तर तडकतो.

खडकाचं हेच, एक सोडून. खडक वाहतो तेव्हा वितळलेला नसतो, घनच असतो. खाली जाताना दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश तापमान वाढतं. ३०० अंशांच्या आसपास क्वार्ट्झचे, म्हणजे गारेचे, स्फटिक आतल्या आत घसरायला, नव्यानं जुळायला लागतात. म्हणजे दहा-बारा किलोमीटर खोल क्वार्ट्झवाला खडक मऊ वागतो. फेल्डस्पारला (ग्रॅनाइटमधलं दुसरं मुख्य खनिज) त्याहून बरंच जास्त, साडेचारशेच्या आसपास तापमान लागतं. त्यामुळं एकाच ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ फितीसारखा ओढला गेलाय आणि फेल्डस्पारचे दाणे मात्र तडकलेत, असंही दिसतं. आणि सगळ्याला वेळ हवा. पर्वत होताना खडक इतक्या सावकाश आक्रसतो की लाख वर्षांत मीटरभर लांबीचा दगड काही सेंटिमीटरच कमी होतो. गूळ खाऊन, काकवीची बाटली घेऊन निघालो.

गडहिंग्लजच्या पुढं सरकताना दगडाचा रंग बदलला. काळ्या कातळाचं पांघरूण दक्षिणेकडे पातळ होत जातं आणि जिल्ह्याच्या टोकाला त्याखालून जुना खडक डोकं काढतो. फिकट, पांढरट-गुलाबी, हातोडी मारली तर ठिणगी पडेल असा. हा कलादगीचा (कर्नाटकात बागलकोटजवळच्या गावावरून हे नाव) क्वार्ट्झाइट, मुळात समुद्रकाठची वाळू, अब्जभर वर्षांहून जुना. मामा म्हणाले, "ह्यो तर आमच्यात पाट्याला वापरत्यात!" आम्ही कोणी वाद घातला नाही. एका ओढ्यात काळा दगड आणि फिकट दगड हातभर अंतरावर होते. सरांनी एका हाताचा पंजा एकावर आणि दुसऱ्याचा दुसऱ्यावर ठेवला आणि म्हणाले, मधल्या फटीत जवळजवळ शंभर कोटी वर्षं गेलीत.

संध्याकाळी संकेश्वरमार्गे गोकाकचा धबधबा. घटप्रभा इथं ५२ मीटर खाली उडी घेते. जानेवारीत पाणी अगदी बेताचं, पण आम्हाला तेच हवं होतं, कारण कडा उघडा पडतो. झुलत्या पुलावरून दिसतात ते वालुकाश्माचे आडवे थर, पन्हाळ्यासारखेच शिस्तीत. पुतणी हिरमुसली. "सर, हेही आडवेच." सर नुसते हसले आणि करदंट विकत घ्यायला गेले.

सोमवार : लोकापूर, कलादगी, बागलकोट

हा दिवस खरा.

लोकापूर सोडलं आणि दोन्हीकडे लांबच लांब, पूर्व-पश्चिम पसरलेल्या टेकड्या सुरू झाल्या. सपाट माथ्याचा एकही डोंगर नाही. एका बाजूनं तिरपा उतार, दुसऱ्या बाजूनं तुटका कडा. रस्त्यालगत एक सोडून दिलेली खाण होती. तिच्या भिंतीकडे बघून कोणी काहीच बोललं नाही, मग मामाच बोलले : "आयला, हे उभं कुणी केलं?"

थर उभे होते. जवळजवळ काटकोनात. हातभर जाडीचे क्वार्ट्झाइटचे थर आणि त्यांच्यामध्ये शेलचे, म्हणजे चिखलाच्या दगडाचे, बोटभर पापुद्रे. उभ्या थराच्या अंगावर लाटांच्या खुणा, म्हणजे उथळ पाण्यात वाळूवर उमटतात तशा बारीक ओळी, भिंतीसारख्या उभ्या. तारकर्लीच्या किनाऱ्यावर पायाखाली बघितलेली नक्षी इथं डोळ्यांसमोर, उभी. पाण्याखाली वाळू उभी राहूच शकत नाही. म्हणजे हा थर आडवा होता, आणि नंतर कोणीतरी उभा केला, यात वादच नाही. लाटांचा टोकदार माथा कोणत्या बाजूला आहे त्यावरून मूळची वरची बाजूही कळते. पुतणीनं खाणीच्या दोन टोकांना तपासलं : एकीकडे वरची बाजू दक्षिणेला, दुसरीकडे उत्तरेला. दोन्ही बाजू एकमेकींकडे तोंड करून. मधला वाक जमिनीत गाडलेला, पण तो आहेच. अभिनती, खोलगट घडी. तिनं ती न बघता शोधली आणि मला तिचा पहिल्यांदा हेवा वाटला.

पुढच्या ओढ्यात लहानशी घडी पूर्ण उघडी मिळाली, कमानीसारखी. इथं आम्ही दुपारपर्यंत होतो. पाठ्यपुस्तकातली घडी म्हणजे गुळगुळीत लाटा, एका चालीत वर-खाली. खऱ्या घडीत तसं नसतं, आणि माझं तर मत झालंय की त्या आकृत्या बदलायला हव्यात. या एवढ्याशा कमानीत दगड वाकलाय, तुटलाय, घसरलाय आणि विरघळलाय. चारही एकाच वेळी.

वाकलाय तो जाड थर. त्याच्या बाहेरच्या अंगाला, कमानीच्या पाठीवर, ताण पडला म्हणून तिथं पंख्यासारख्या फटी उघडल्यात आणि त्या पांढऱ्या क्वार्ट्झनं भरल्यात. आतल्या अंगाला दाब पडला म्हणून तिथं बारीक बारीक चुरडलेपण आणि एक छोटासा थ्रस्ट, बोटभर सरकलेला. दोन्हींच्या मध्ये एक पट्टा असा की ज्याला ना ताण ना दाब. सरांनी तिथं खडूनं रेघ मारली.

घसरलाय तो दोन थरांच्या मधला पापुद्रा. वहीची पानं एकत्र वाकवली की एकावरून एक सरकतात, तसंच. सरांनी थराचा माथा ओल्या फडक्यानं पुसला आणि भिंग दिलं. समांतर ओरखडे, वरच्या थरानं खालच्यावर घासत नेल्याचे. हात फिरवला तर एका दिशेनं गुळगुळीत, उलट दिशेनं खरखरीत लागतो. कमानीच्या दोन बाजूंना वरचा थर दोन उलट दिशांना, दोन्हीकडे माथ्याकडे, सरकलेला.

शेल मात्र निराळाच वागलाय. जाड थर जिथं वाकतो तिथं मधला शेल पिळून वळणाच्या पोकळीत जमा झालाय आणि बाजूंना पातळ झालाय. त्याच्यात बारीक, एकमेकीला समांतर उभ्या चिरा पडल्यात, पाटीच्या दगडासारख्या. मऊ आणि कडक थर एकत्र दाबले की घडीची लांबी कडक थर ठरवतो. थर जितका जाड तितकी घडी रुंद. ओढ्याच्या एका बाजूला चार बोटं जाडीचा थर होता, त्याच्या घड्या वीतभर. मोठ्या थराची घडी अख्ख्या ओढ्याएवढी. एकाच दाबाखाली, एकाच ठिकाणी.

विरघळणं मला पटत नव्हतं. सरांनी जवळच्या चुनखडकात नेलं (या पट्ट्यात सिमेंटचे कारखाने आहेत ते याच चुनखडकावर) आणि दगडातल्या करवतीच्या दात्यांसारख्या काळ्या वेड्यावाकड्या रेघा दाखवल्या. जोराचा दाब असलेल्या बाजूनं चुना पाण्यात विरघळून गेला, न विरघळणारी काळी माती तेवढी रेघेवर साठली. गेलेला चुना जवळच्या फटींमध्ये पांढरा होऊन बसला. दगड आखूड झाला, ना वाकून ना तुटून. स्वतःला थोडा थोडा झिजवून.

दुपारी पुतणीनं दोरी काढली. कमानीच्या थरावरून दोरी वळणावळणानं टाकली : १४ मीटर. मग दोन टोकांमधलं सरळ अंतर : साडेअकरा मीटर. म्हणजे मूळच्या १४ मीटरचे साडेअकरा झाले, सुमारे अठरा टक्के आखूड. याच तत्त्वावर हिमालयाचे थर कागदावर उलगडून सपाट करतात, थ्रस्टवरची सरक उलटी फिरवतात, आणि मग कळतं की तिथं काहीशे किलोमीटर रुंदीचा भूभाग दाबला गेलाय. दोरी आमची वाळत घालायची होती, पण तत्त्व तेच.

आता खरा प्रश्न : इथं कोण कोणावर आदळलं? संध्याकाळी बागलकोटच्या लॉजवर, ज्वारीची भाकरी आणि शेंगा चटणी खाताना, सरांनी हात झटकले. बाजूनं रेटा आला आणि थर दबले, हा जुना विचार. अलीकडे काही भूवैज्ञानिकांनी मांडलंय की थरांचा हा ढीग खालच्या जुन्या नाइसवरून आपल्याच वजनानं घसरला आणि पुढं अडून त्याच्या घड्या पडल्या. दोन्हींत घडी सारखीच दिसते. फरक शोधायचा तो तळाशी : घसरण फक्त सरकपट्टीच्या वर असेल तर खालचा नाइस शांत असायला हवा, रेटा खोलवरचा असेल तर नाइसमध्येही त्याच काळाच्या खुणा हव्यात. पुतणी म्हणाली, "मग घडी बघितली म्हणजे टक्कर झाली असं म्हणता येत नाही?" सर म्हणाले, "दाब आला एवढंच म्हणता येतं. कोणी दाबलं ते चौकशीनं." यावर मामांनी पोलीस पाटलाची एक लांबलचक गोष्ट सांगितली, ती इथं देत नाही.

मंगळवार : बदामी आणि परत

बदामीला पोचायला तास लागला. लाल वालुकाश्माचे कडे, त्यात चालुक्यांनी कोरलेली लेणी. तिसऱ्या लेण्यात इसवी सन ५७८ चा लेख आहे. लोक शिल्पं बघत होते, आम्ही शिल्पांच्या मागचा दगड. थर पुन्हा आडवे. गोकाकसारखे.

आणि इथं रविवारचं हसू उलगडलं. गोकाक-बदामीचे आडवे थर हे कलादगीच्याच कुळातले, पण धाकटे. थोरले, बागलकोटचे, आधी साठले, मग दाबले गेले, उभे झाले, मग उचलले जाऊन झिजून सपाट झाले. त्या झिजलेल्या, चिरलेल्या पाठीवर हे धाकटे थर नव्यानं आडवे पसरले. जिथं खालचा थर तिरपा आणि वरचा आडवा, त्या रेषेवर अख्खा एक डोंगराळ काळ संपलेला असतो. घड्या कधी पडल्या याचं उत्तरही तीच रेषा देते : थोरल्यांच्या नंतर, धाकट्यांच्या आधी. घडीची तारीख दुमडलेल्या दगडावर लिहिलेली नसते, त्याच्यावर शांत पडलेल्या दगडावर असते. सरांनी शुक्रवारी पन्हाळ्यापासून सुरुवात का केली, ते मला इथं कळलं.

महाकूटला कुंडाजवळ वेगळाच दगड बघितला, गारगोटीच्या टोकदार तुकड्यांचा, सिमेंटमध्ये खडी टाकल्यासारखा. ब्रेसिया. पुतणीनं लगेच "फॉल्टमधला चुरा" म्हणून निकाल दिला. सरांनी सबुरीनं घ्यायला लावलं. धारदार तुकडे फॉल्टमध्येही होतात, खालचा चुनखडक विरघळून वरचा थर कोसळला तरी होतात. पट्टा अरुंद, सरळ आणि ओरखडे असलेला आहे का, की पसरट आणि बेशिस्त, ते आधी बघायचं. तिनं तासभर बघितलं आणि पसरट, असं लिहून घेतलं.

परतीला बेळगाव, निपाणी. वाटेत काळा कातळ पुन्हा सुरू झाला.

कोणाला जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. गवत वाळलेलं असतं आणि दगड दिसतो. लोकापूर ते बागलकोट रस्ता चालत्या गाडीतून बघण्यासारखा नाही, उतरावं लागतं. चालू खाणीत विचारल्याशिवाय जाऊ नका. लाटांच्या खुणांवर हातोडी चालवू नका. भिंग, दोरी आणि ओलं फडकं एवढ्यावर सगळं होतं. बदामीची लेणी संरक्षित आहेत, तिथं तर खडूची रेघही नको. पुतणीची स्पितीची यादी अजून मोबाईलवर आहे. त्यात आता तिनं एक ओळ वाढवलीय : आधी आडवा थर कुठला, ते विचारणे.